गाईचा निकाल

बाबांनी रेडिओ बंद केला. "बघ पोरी, आजही आपलं नाव नाही. म्हणजे गाय चांगली होती."

"चांगली होती तर मेली कशाला?"

"का, चांगली माणसं मरत नाहीत होय?" ते हसले आणि भाजकी केळी आणि सुकं मांस कुटायला बसले. गाय मरून महिना लोटला होता. त्या रविवारी त्यांनी दोनदा वाढून घेतलं, मला टांगलेल्या झोळीत बसवलं आणि मी मास्तरीण झाल्यापासून तिचा दोर कुरकुरतो म्हणून चिडवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना पाणी गिळता येईना.

बेनी प्रांताच्या कुरणांत गाय लाळ गाळू लागली की आमच्याकडे पहिला विचार एकच: घशात काहीतरी अडकलंय. बाबांनीही कोपरापर्यंत हात घातला होता. अडकलेलं काहीच नव्हतं. गाय मेल्यावर तिचं डोकं बर्फात घालून ते शहरातल्या पशुरोग प्रयोगशाळेत देऊन आले. रक्त पिणाऱ्या, गुरांना चावून रोग देणाऱ्या वटवाघळांच्या मुलखात एवढं सगळेच करतात. तपासणीत वाईट निघालं तर प्रयोगशाळा दुपारच्या रेडिओवर, रानातल्या लोकांसाठीच्या निरोपांत, मालकाचं नाव वाचायला लावी. नाव आलं की होडी, घोडं, मिळेल ते धरून लस टोचून घ्यायला धावायचं. नाव नाही, तर भीती नाही. आजोबांपासून हेच चाललेलं.

या वर्षी सगळ्या प्रयोगशाळा एका नव्या संगणकप्रणालीने जोडल्या. प्रयोगशाळेचे रेडिओवरचे निरोप बंद झाले. रानात ते कुणी सांगितलं नाही.

दवाखान्यात शेवटपर्यंत मी बाबांना "ताप आहे, उतरेल" म्हणत राहिले. नंतर शेजाऱ्यांनाही तापच सांगितला. बाबांना पुरल्यावर मी प्रयोगशाळेत गेले.

"निकाल वेळेत गेला होता, बाई." संचालक डॉक्टर आंतेलोंनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: रेबीज. कळवले. पोहोचले. "आमच्याकडून दिरंगाई नाही."

"कोणाला पोहोचले? बाबांकडे ईमेल नव्हता."

नोंदणी करणाऱ्या नेलीने मान खाली घातली. "तो रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, बाई. तुमचे बाबा, नेमेसिओकाका, म्हणाले, माझ्याकडे गुरं आहेत, ते नाही. मग मी आपलाच पत्ता घातला. इथला."

"म्हणजे प्रयोगशाळेने प्रयोगशाळेला कळवलं."

"त्यांचाच निकाल नाही हो. ज्यांच्याकडे ईमेल नाही, त्या सगळ्यांचा इथेच येतो."

"आणि त्या ईमेलची टपालपेटी कोण उघडतं?"

नेलीने डॉक्टरांकडे पाहिलं. मग डॉक्टर म्हणाले, "हे बघा, रेडिओवर लोकांची नावं ओरडायची म्हणजे मागासलेपणा. खासगी माहिती असते ती. आपली प्रणाली पाहायला शेजारच्या देशातून पाहुणे—"

"पेटी उघडा."

"त्याला वरून परवानगी लागते."

"नेली, उघड."

तिने उघडली. न वाचलेले निकाल खालपर्यंत साचले होते. सगळ्यात ताजा 'रेबीज' सान्ता रोसाकडच्या एका कुरणाचा होता. मालकाच्या घरच्या पत्त्याच्या जागी तिथल्या दुकानाचा फोन नंबर. नेलीने तो लावला, गाईच्या मालकिणीला बोलवायला सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"हो, आमचीच गाय," धापा टाकत एक बाई म्हणाली. "पण रेडिओवर नाव नाही आलं ते?"

"आता येत नाही. तिच्या तोंडात कुणी हात घातला होता?"

"आमच्या ह्यांनी. काहीतरी अडकलं होतं ना."

"त्यांना आजच लसीला घेऊन या."

"आज? आज छप्पर शाकारायला घेतलंय. शनिवारी बघू. अहो, वर चढून गाणी म्हणतोय माणूस, त्याला काय धाड भरलीय?"

"फोन ठेवा, बाई," डॉक्टर हात पुढे करून म्हणाले. "हा निकाल असा तोंडी देता येत नाही."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"माझे बाबाही असेच ठणठणीत होते," मी त्या बाईला म्हणाले. "ते रेबीजने गेले."