गुलाबी पान

श्रुतिकाला वाटलं होतं, वसुआत्या झोपाळ्यावर बसून जुन्या गोष्टी रंगवून सांगत असेल, भिंतीवर तिचे फोटो असतील, विलायतेहून अजूनही चाहत्यांची पत्रं येत असतील. लीड्सला नाटकाचं शिक्षण घेताना तिच्या घरमालकीणबाईसुद्धा वसुमतीचं नाव काढलं की हातातलं काम टाकून बोलत बसत. बावीस वर्षं आठवड्याच्या तीन संध्याकाळी आत्या त्या लोकांच्या घरात आली होती, तिथल्या एका टीव्ही मालिकेतल्या कोपऱ्यावरच्या दुकानाची मालकीण रंजन दवे होऊन. डहाणूहून विलायतेला गेलेली एक नर्स कुठवर पोचली ते इथल्या पोरींना कळलंच पाहिजे, आत्याचं चरित्र लिहायचं, तलासरीच्या शाळाशाळांतून तिला न्यायचं, असे मनसुबे रचत श्रुतिका डहाणूजवळ आगर गावातल्या घरी उतरली. आणि तिला दिसली ती स्वयंपाकघरात टेबलाशी ताठ बसलेली, मनगटांच्या काड्या झालेली एक बाई. तिने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, ओठांपर्यंत नेला, चावल्यासारखं केलं आणि अलगद परत ताटात ठेवला.

"हे असंच," स्वयंपाकाला असलेली नवशी म्हणाली. "चार महिने झाले, घोटभर दुधावर आहेत. आपण रांधायचं नि ताईंनी सोंग करायचं. माझ्या हातची भाकर येवढी वाईट नाय गो बाय."

श्रुतिकाचे बाबा, मोहनराव, डहाणू रोड स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेले. त्यांनी तिला वाडीत नेऊन चिकूंच्या झाडांखाली सांगितलं.

"मालिकेतून काढताना रंजनला मारलं नाही गं. चुलतबहिणीच्या लग्नाला भारतात गेली, एवढंच दाखवलं. बॅग घेऊन दारातून बाहेर. पुढे कुणी तिचं नावसुद्धा काढलं नाही."

"मग?"

"मेलेलं नसेल त्याला परत बोलावता येतं, असं वसुताई म्हणते. नऊ वर्षं तिने केस बदलले नाहीत, साडीची पिन बदलली नाही. आणि आता हे. सेटवर ताट संपवायचं नसतं म्हणे. तोच प्रसंग दहादा घ्यावा लागला तर ताट दहादा तसंच दिसायला हवं." त्यांनी खाली पडलेला एक चिकू उचलला. "डॉक्टर म्हणाले, अशीच राहिली तर महिनाभर. मी काय करू, तूच सांग."

श्रुतिकाने आठवडाभर विनवण्या केल्या, भांडून पाहिलं, रडूनही पाहिलं. आत्या प्रेमाने तिच्या गालावरून हात फिरवी आणि घास ताटात परत ठेवी. मग एक दिवस आत्याच्या ट्रंकेत जुन्या संवादांचे गठ्ठे सापडले, पांढऱ्या कागदांत मधेच एखादा गुलाबी. आत्यानेच समजावलं होतं: आयत्या वेळी बदल झाला की तो गुलाबी कागदावर येतो, आणि गुलाबी कागद आला की आधीचं पान रद्द.

श्रुतिकाने रात्रीतून नव्हे, भर सकाळी, अर्ध्या तासात प्रसंग लिहिला आणि डहाणू रोडला झेरॉक्सच्या दुकानात गुलाबी कागदावर छापून आणला. रंजन भावाबरोबर जेवायला बसते. ताट संपवते. आपण समोर असलो की आत्याला कॅमेऱ्यासमोर असल्यासारखं वाटत असावं, म्हणून तिने त्यात स्वतःसाठी एक वाक्य घातलं. भाची म्हणते, "येते मी." भाची बाहेर जाते.

आत्याने चष्मा लावून पान दोनदा वाचलं. "फार उशीर केला त्यांनी," ती म्हणाली आणि पदर सारखा करून बसली.

दुपारी पानं वाढली. श्रुतिका आपलं वाक्य म्हणून अंगणात गेली आणि खिडकीच्या कडेला उभी राहिली. आत्याने घास तोंडात घातला, आणि तिचा गळा हलला. दुसरा घास. तिसरा. बाबा हुंदके देत भात कालवत होते. नवशी तोंडावर हात धरून उभी होती. श्रुतिकाला त्या क्षणी वाटलं, आपण शिकलो ते सगळं याच्यासाठीच.

ती धावत आत गेली. "आत्या!"

आत्याने वर पाहिलं नाही. "बाळा," ती हळूच म्हणाली, "तू बाहेर गेली आहेस."

"अगं, झालं आता ते. संपला प्रसंग."

आत्याच्या ओठांशी गेलेला घास ताटात परत आला. बाबांनी तो पाहिला आणि मान खाली घातली. नवशीने श्रुतिकाचं स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं. श्रुतिका दोन पावलं मागे सरली, मग आणखी दोन, आणि उंबरठ्याबाहेर तिचं पाऊल पडताच आत्याने घास उचलला.

संध्याकाळी बाबा वाडीत पाणी घालत होते. "बाबा, आत्या झोपलीय. आता तरी बोला माझ्याशी." तिचे पाय भिजू नयेत म्हणून त्यांनी पाइप जरासा बाजूला वळवला, आणि बोलले नाहीत. घरी निघालेल्या नवशीचा तिने हात धरला. "तू तरी, नवशी! तुला तर कळतंय ना हे नाटक आहे?" नवशीने तो हात सावकाश सोडवला, फाटक ओढून घेतलं आणि पुन्हा मागे पाहिलं नाही. दिवेलागणीला घराबाहेरच्या ओट्यावर झाकलेलं ताट होतं, चादर होती आणि तिची बॅग होती, नीट भरलेली.

सकाळी ओट्यावर तिला जाग आली ती बाबांच्या आवाजाने. खिडकीतून दिसलं, आत्या चहात बुडवून खारी खात होती, गालांवर रंग आला होता, आणि बाबांच्या हातात गुलाबी कागद होता. श्रुतिकाने न लिहिलेला, त्यांच्याच अक्षरातला. गाडी किती मिनिटं उशिरा धावत आहे हे ज्या सपाट सुरात सांगत, त्याच सुरात ते वाचत होते.

"रंजन नाश्ता करते. दुसऱ्यांदा चहा मागते."

"मग?"

"भाऊ हसतो. इतक्यात भावाला फोन येतो. फोन भाचीबद्दलचा आहे. भाची..." ते थांबले.

"वाच ना, मोहन."

"वसुताई, उरलेलं नंतर."

"थांबायचं नसतं मधेच. बरं, फोन वाजला की पुढचं वाच," आत्या म्हणाली आणि कप पुढे केला. "घाल चहा."

बाबांनी चहा ओतला. आत्या पीत होती. त्यांचा मोबाइल टेबलावर मधोमध उताणा ठेवलेला होता, आणि दोघंही त्याच्याकडे पाहत होती.

श्रुतिकाच्या हातात तिचा फोन होता, पडद्यावर बाबांचा नंबर. अंगठा तेवढा टेकायचा बाकी होता. फोन वाजला की भाचीचं उरलेलं वाचलं जाणार होतं, आणि मेलेलं नसेल त्यालाच परत बोलावता येतं. तिने अंगठा मागे घेतला, फोन बंद केला, आणि बॅग घेऊन, चाकं वाजू नयेत म्हणून ती उराशी धरून, रस्त्याकडे चालू लागली.