चालतं!

कापसाचा बोळा. मुलीचे पिवळे डोळे. कमरेची उसवलेली शिवण. तळणीतून काढलेलं गरमागरम काहीतरी. बटणं.

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. आज माझ्या पोटात बटणं आहेत, पूर्वी कापसाच्या बोळ्याखाली कोलीनच्या कॅप्सूल होत्या. कोलीन म्हणजे यकृतातला हमाल. तिथली चरबी बाहेर धाडायला तो हातभार लावतो. कारखान्यात माझ्या अंगावर लेबल डकवलं, ‘यकृताचा सखा’. मी हुरळून गेले.

मला घरी आणलं एका शिंप्याने. त्याच्या लेकीचं यकृत निकामी होत चाललं होतं. आपल्या यकृताचा तुकडा तिला द्यायचं त्याने ठरवलं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “तुमच्याच यकृतात चरबी साठलीय. ती उतरली तरच तुकडा घेता येईल. तळलेलं बंद करा आणि रोज चाला. नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही.”

तो रोज सकाळी कॅप्सूल गिळायचा. संध्याकाळी ताटलीत तळलेलं असायचंच.

“अहो, पुन्हा?” बायको म्हणायची.

“कॅप्सूल घेतलीय ना? आता चालतं!”

“ते चालतंय हो, तुम्ही कधी चालणार?”

तो खो खो हसायचा. फळीवर मीही खूश. पँट घट्ट झाली की शिवण उसवून तो कमर वाढवायचा. हात सफाईदार, त्यामुळे पँट त्याला कधी काचलीच नाही.

पुढच्या तपासणीत चरबी वाढलेली निघाली. “दुसरं कुणी बघा,” बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर तो थेट मशीनवर बसला आणि पाय मारू लागला.

“बाबा, काय म्हणाल्या?”

तो मान खाली घालून शिवत राहिला.

“बाबा, सुईत दोरा नाहीये.”

त्याचे पाय थांबले. मान मात्र वर झाली नाही. मला चेहरा असता तर मीही लपवला असता. त्याने नखाने माझं लेबल खरवडून काढलं. ‘सखा’ तेवढा निघेना.

तुकडा मावशीने दिला. लेक वाचली. बटण हवं असलं की तीच मला उघडते. तेव्हा तो दुसरीकडे बघतो.

मित्रांनो, हमाल कितीही गुणी असो, गोदामात रोज नवी पोती टाकत राहिलात तर तो बिचारा काय करील? आपल्या वाटचं ओझं आपणच उचला.

मला विकत घ्यायला शिंपी दुकानापर्यंत पायी आला होता.