माझे गोल तळवे

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हत्ती आहे. आहे मुठीएवढा, पण ऐट विचारू नका! मला चावी नाही, बॅटरी नाही. उतरत्या फळीवर ठेवा, की मी डुलत डुलत, टकटक पावलं टाकत खाली येतो.

मला घडवलं मामांनी. मामा सुतार. त्यांनी माझे पाय सैल बसवले आणि तळवे घासून गोल केले. ज्या भाचीसाठी हा खटाटोप, तिला सगळे भिंगरी म्हणत. तिने मला दिवसभर चालवलं. मग जमिनीला गाल टेकवून बघितलं आणि विचारलं, "मामा, ह्याला ढकलतंय कोण?"

"कोणी नाही गं. एका बाजूला कलला, की दुसऱ्या बाजूचा पाय सुटतो नि पुढे येतो."

पुढे एक फजिती झाली. भिंगरीचे बाबा भारी टापटिपीचे. शोकेसमध्ये मी डुगडुगतो म्हणून त्यांनी प्रेमाने पॉलिशपेपरवर माझे तळवे सपाट करून टाकले! मी ताठ उभा राहिलो, पण चालणं गेलं. भिंगरीने घर डोक्यावर घेतलं. मामा पोट धरून हसले आणि तळवे पुन्हा गोल करत म्हणाले, "अहो दाजी, डुलला नाही तर चालेल कसा?"

भिंगरी मोठी होऊन डिझायनर झाली. तिच्या टेबलावर मी कागद उडू नयेत म्हणून बसायचो. हत्तीला हे काम शोभतं का, तुम्हीच सांगा!

मग अपघातात मामांचं एक पाऊल गेलं. कृत्रिम पाऊल मिळालं, पण ते घालून अंगणापलीकडच्या आपल्या सुतारकामाच्या कारखान्यापर्यंतही त्यांना जाववेना. चार पावलांत धाप लागायची. "रंधा तिकडे वाट बघतोय, नि मी इथे शोकेसमध्ये," ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

"शोकेस?" भिंगरीने चमकून मला उचललं. कागद उडाले. तिने माझे तळवे पाहिले, मग त्या पावलाचा तळ. सपाट! "अरे देवा, बाबांनी हत्तीचं केलं तेच झालंय हे!"

तिने गोलसर तळ बनवायला घेतले. पहिला इतका गोल झाला, की मामा थेट तिच्या गळ्यात पडले. दोघं हसून बेजार! असे अकरा तळ वाया गेले. बारावा लावून मामा उठले, जरासे कलले आणि पाऊल आपसूक पुढे गेलं. मग दुसरं. अंगण ओलांडून ते कारखान्याच्या दारात पोचले, तरी धाप नाही.

"अगं भिंगरे, मला ढकलतंय कोण?"

"कोणी नाही, मामा!" ती रडत होती नि हसतही होती.

रंध्यावरची धूळ पुसल्यावर मामांनी सगळ्यात आधी माझी इतक्या वर्षांत सैल झालेली सोंड पक्की केली. त्या दिवशी माझ्याइतकं सुखी कोणी नसेल.

म्हणून सांगतो मित्रांनो, एखादं खेळणं डुगडुगलं तर लगेच घासून सपाट करू नका. टाकूनही देऊ नका. आधी जमिनीला गाल टेकवून नीट बघा.

मामा आता रोज कारखान्यात जातात, अगदी माझ्यासारखे डुलत. फरक एवढाच, की मला उतार लागतो. त्यांना तोही लागत नाही.