लोकरीचा तराजू

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. ऑक्टोबर संपत आला होता, मेंढ्या वरच्या कुरणांवरून खाली उतरत होत्या. त्या आठवड्यात दुकानदाराने मला ओसरीच्या तुळईला टांगलं. मी तराजू. लोखंडाचा, दोन पारड्यांचा. फार बोलत नाही.

या डोंगरात वर मेंढपाळ राहतात, खाली विणकर. एकमेकांची भाषा त्यांना कळत नाही. शिकलेली मुलं शहराची भाषा बोलतात आणि शहरातच राहतात. दोन्हीकडची भाषा येते ती एकट्या दुकानदाराला, म्हणून दोघांचाही त्याच्यावर विश्वास नाही. माझ्यावर तर नाहीच. जो येतो तो आधी माझं पारडं उलटं करून पाहतो, खाली काही चिकटवलंय का. राग येतो. पण पाहू देतो.

त्याच हंगामात एका विणकराचा माग लोकरीवाचून थांबला. वरच्या एका मेंढपाळ आजीने त्याला वीस किलो लोकर उसनी दिली. कातरणीनंतर लोकरच परत करायची, असं ठरलं. वजन सकाळी, धुक्यात झालं.

एप्रिलमध्ये तो भर दुपारी लोकर घेऊन आला. अठरा किलो भरली.

"अठराच देणार. तिची लोकर घरी वाळवली तर तेवढीच उरली. म्हातारीने पाणी मारलं होतं."

आजीने दुकानदाराला विचारलं, "काय म्हणतोय हा?"

"म्हणतोय, लोकर छान होती."

"एवढं तोंड वाकडं करून? खरं सांग, नाहीतर तुझी पायरी चढणार नाही."

त्याने खरं सांगितलं. पाणी मारणारी असं आजीचं नाव पडलं असतं, तर तिची लोकर खाली कुणी घेतली नसती.

"त्याला म्हणावं, लोकर इथेच ओसरीवर पसर. उद्या सकाळी मोजू."

"आणि हिने मध्येच पाणी मारलं तर?" विणकर म्हणाला.

"मग बस राखत!" दुकानदार वैतागला.

तो बसला. समोर आजीही बसली. तिने पाणी मारू नये म्हणून तो जागा, त्याने दगड घालू नयेत म्हणून ती.

उजाडताना धुकं ओसरीत शिरलं. विणकराने स्वतःची बाही चाचपली. मग लोकर चाचपली. दोन्ही ओलसर. त्याने ती माझ्या पारड्यात घातली. दुकानदाराने दुसरीकडे वीस किलोची वजनं ठेवली. मी हललो आणि थांबलो. पारडी समान.

आजीने लोकर पोत्यात भरली. पोतं तिच्या पाठीवर विणकरानेच चढवलं.

उसनं फिटलं.