शीतलबाबांचं शांतिवस्त्र

वळणावर सतरा गाड्या आ वासून उभ्या होत्या. सगळ्यांची बॉनेटं वर आणि सगळ्यांच्या तोंडातून वाफ. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी, आणि कड्याच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली ट्रकच्या जुन्या सीटवर मांडी ठोकून बसलेले शीतलबाबा.

अठरावी गाडी धापा टाकत वळणावर आली की बाबा ताडकन उठायचे. "आली, आली, तापली लेक माहेरी आली!" मग गाडीच्या तोंडावर बांधलेलं निळं शांतिवस्त्र ते दोन बोटांनी सोडवायचे आणि पिळल्यासारखं करायचे. "प्यायलं गं बाई! सगळा ताप प्यायलं! हे नसतं, तर आज इंजिन फुटून दरीत सांडलं असतं." त्यावर बॉनेटवर तांब्याभर पाणी. फस्स! वाफेचा लोट उठला की गर्दी हात जोडून मागे सरायची. मग मंत्र. मोजून चाळीस मिनिटं. तेवढ्यात समोरच्या टपरीत लोकांचा चहा व्हायचा, नाश्ता व्हायचा, दुसरा चहा व्हायचा. टपरी बाबांच्या मेव्हण्याची. मंत्र संपला की बाबा टाळी वाजवायचे, ड्रायव्हर किल्ली फिरवायचा, आणि गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची.

चाळीस मिनिटं ठेवला तर चहासुद्धा थंड होतो. पण म्हणून कुणी कपबशीच्या पाया पडत नाही.

मंगळवारी त्या रांगेत आमचीही गाडी होती. मागच्या सीटवर माझी अक्का. तिची दोन्ही मूत्रपिंडं थकलेली. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तिला चढाच्या वरच्या गावातल्या हॉस्पिटलात मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागतं. वेळ अकराची. सव्वाअकरापर्यंत वाट बघतात, मग मशीन पुढच्या पेशंटला. त्या मंगळवारी आम्ही पावणेबाराला पोचलो आणि तसेच परत आलो.

शुक्रवारी सकाळी अक्काचे पाय सुजून उशीएवढे झाले होते. दोन वाक्यांच्या मध्ये ती थांबून श्वास घेत होती. फोनवर डॉक्टर एवढंच म्हणाले, "आज चुकवू नका." त्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं, त्या आवाजाने माझ्या भाचीने, म्हणजे अक्काच्या मुलीने, शिलाईच्या दुकानाचं अर्धवट उघडलेलं शटर परत खाली ओढलं आणि नऊच्या ठोक्याला गाडी काढली.

चढाच्या पायथ्याशी बाबांचा चेला उभाच असतो. चांगला गरगरीत. लोक त्याला भोपळा म्हणतात आणि तो ओ देतो. त्याने गाडीसमोर हात आडवा केला.

"थांबा ताई, वस्त्र बांधतो. फुकट आहे."

"नको. घाईत आहोत," भाची म्हणाली.

"घाईतच ताप गाठतो गाडीला, ताई."

मागून अक्का म्हणाली, "बांधू दे गं. मंगळवारी त्यानेच वाचलो आपण."

"आई, मंगळवारी त्याने आपण काय वाचलो? मशीन चुकलं."

"इंजिन तर वाचलं!"

आजारी आईशी वाद कोण घालणार? भोपळ्याने गादीसारखं जाड निळं कापड पुढच्या जाळीवर, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, करकचून आवळलं. नऊ चाळीस झाले होते. आम्ही चढाला लागलो.

तापमानाचा काटा तिसऱ्या वळणालाच मध्याच्या वर गेला. पाचव्याला लाल पट्टीकडे बघायला लागला. भाची एक डोळा रस्त्यावर आणि एक काट्यावर ठेवून चालवत होती. मी एकदा घड्याळ बघत होतो, एकदा आरशातून अक्काकडे. अक्का डोळे मिटून बाबांचा मंत्र पुटपुटत होती, पण मध्येच तिचा दम सरत होता आणि मंत्र अर्धाच राहत होता.

सातव्या वळणावर गाडी एकदम डावीकडे ओढू लागली. खालून फडफड फडफड आवाज.

"कोप झाला!" अक्का किंचाळली.

भाचीने कचकन ब्रेक मारला नाही. पाय हलकेच वर घेतला, गाडी स्वतःहून मंद होऊ दिली, रस्त्याच्या सपाट कडेला घेतली आणि चारी इंडिकेटर लावले. उतरून चाक बघितलं. "कोप नाही गं आई. खिळा आहे."

दहा वाजून पाच मिनिटं.

अक्काला धरून आम्ही सावलीतल्या दगडावर बसवलं. भाचीने हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, मी मागच्या चाकाला धोंडा लावला. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करायचे, गाडी जॅकवर चढल्यावर नाही, एवढी अक्कल मला चाळीस वर्षांच्या ट्रकने दिली होती. एक नट काही केल्या हलेना. मी पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिलो तेव्हा कुठे तो कुरकुरत फिरला.

खाली खडी टोचत होती. गुडघे टेकायला काहीतरी हवं, म्हणून भाचीने इकडेतिकडे बघितलं आणि सरळ जाळीवरचं शांतिवस्त्र सोडलं.

"अगं, अगं! पायाखाली घेतेस?"

"गुडघ्याखाली घेतेय, आई. म्हणजे नमस्कारच की."

गुडघे टेकता टेकता तिची बोटं थबकली. कापडावर हात पडला की शिंपिणीची बोटं गप्प बसत नाहीत. तिने कडेची शिवण नखाने उसवली. "दोन पदर. मध्ये कापूस. आणि आतून मेणकापड. मामा, ही तर रजई आहे. हिच्यातून वाऱ्याची झुळूक जायची नाही."

स्टेपनी ढकलत मी म्हटलं, "अगं, मी बर्फाच्या खिंडीतून ट्रक न्यायचो ना, तिथे थंडी अशी की सकाळी आरशात बघितलं तर तोंड तिथेच चिकटून बसायचं. दाढी करायची तर संध्याकाळी परत त्याच आरशापाशी जावं लागायचं."

"मामा, पाना द्या."

"घे. तर तिथे आम्ही इंजिनाच्या तोंडावर अशीच गोधडी बांधायचो."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? ऊब राहावी म्हणून! गार वारा सारखा आत शिरला तर इंजिन तापतच नाही. तिथल्या प्रत्येक ट्रकला असते."

तिचा हात पान्यावर तसाच राहिला. "ही थाप की खरं?"

"आरशाची थाप. गोधडीचं खरं."

"म्हणजे इंजिन गरम ठेवायची गोधडी बांधून आपण भर उन्हात चढ चढतोय?"

चाळीस वर्षं मी ट्रक चालवला. मंगळवारी त्याच गोधडीसमोर मी हात जोडून उभा होतो. लोकांना थापा मारण्यात हयात गेली, आणि माझ्या नाकासमोर बांधलेली थाप मला दिसली नाही.

"बाबा असं कशाला करतील?" अक्का दगडावरून म्हणाली.

"गाड्या तापल्या नाहीत तर त्यांना विचारतो कोण, आई? आणि त्या टपरीवर थांबतो कोण?"

तिने नट समोरासमोरचे, एकाआड एक, आवळले, गाडी खाली घेतली, परत आवळले. शांतिवस्त्र डिकीत पंक्चर चाकाखाली गेलं. दहा बावीस.

काटा खाली आला होता. "थांबलो म्हणून उतरला असेल," भाची स्वतःशीच म्हणाली. "चढाला लागल्यावर बघू." आठवं वळण गेलं, नववं गेलं. काटा मध्यापर्यंत चढला आणि तिथेच बसला, जेवण झालेल्या पाहुण्यासारखा. दहावं वळण बाबांचं.

आज तिथे रस्त्यावर दोर आडवा होता. दोन चेले दोन टोकं धरून. खालून मोटरसायकलवर आलेला भोपळाही होता. बाबा उठले, आमच्या गाडीच्या उघड्या तोंडाकडे त्यांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"वस्त्र टाकलं! पोरी, म्हणून तर तुझं चाक फुटलं!"

त्यांना स्टेपनीवरचा चिखल दिसला असावा. नजर तयार होती गड्याची.

"चाक फुटलं तेव्हा वस्त्र बांधलेलंच होतं, बाबा," भाची खाली उतरत म्हणाली. "दोर काढा. आईला अकराचं मशीन आहे."

"चाळीस मिनिटं बसल्याशिवाय इथून कुणी गेलं नाही. गाडी तापलेली आहे."

"काटा मध्यावर आहे. या, बघा."

"काटा देह दाखवतो. मी आत्मा बघतो."

गर्दीतून एकजण म्हणाला, "ताई, बसा की. बाबांच्या कृपेनं सगळ्यांच्या गाड्या जातात वर."

"बरोबर," भाची म्हणाली. "मग मला दोनच गोष्टी सांगा. इथून वरचा चढ खालच्यापेक्षा खडा आहे. तिथे कुणाची गाडी कधी तापली?"

"माझ्या कृपेनं नाही तापत!" बाबा गरजले.

"की तुम्ही इथे कापड काढता म्हणून? आणि दुसरं. रोज दोन जुनाट बसगाड्या पन्नास-पन्नास माणसं भरून याच वळणावरून जातात. कंपनी त्यांना कापड बांधू देत नाही. त्यातली एकतरी बस इथे उकळलेली कुणी बघितली?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. दुधाच्या व्हॅनचा ड्रायव्हर, ज्याच्या व्हॅनमधून आत्ताही वाफ येत होती, म्हणाला, "नाही बुवा. बस कधी नाही थांबली."

"बसमध्ये पन्नास जणांचं पुण्य असतं!" बाबा म्हणाले.

"माझ्या व्हॅनमध्ये तीनशे लिटर दूध असतं," तो म्हणाला. "त्याला पुण्य नाही?"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबांनी डोळे वटारले. पण भाची डिकीतून ती रजई काढून भोपळ्यापाशी पोचली होती. "दादा, जरा उभे राहा." आणि तिने ती त्याच्या नाकातोंडावरून मागे घट्ट आवळली. "आता त्या छपरापर्यंत धावत जाऊन या."

भोपळा भाबडा. धावला. दहा पावलांवर हात हवेत मारायला लागला, पंधराव्या पावलावर रजई ओढून खाली बसला. चेहरा टोमॅटो. "मेलो, बाबा! श्वासच येत नाही!"

"इंजिनाला पण येत नाही," भाची म्हणाली. "त्याला थंड करायला पुढून वारा लागतो. तो तुम्ही बंद करता, आणि तापलं की उघडून देता. आत्मा नाही बघत तुम्ही, बाबा, जाळी झाकता."

"अश्रद्ध बाई! दोर सोडू नका रे!"

दहा बेचाळीस. मी घड्याळ खिशात घातलं, कारण बघवत नव्हतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. अक्का उतरली. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते, म्हणून अनवाणीच. एक पाऊल, थांबणं, श्वास, दुसरं पाऊल. ती दोरापाशी पोचली.

"बाबा," ती म्हणाली, "मंगळवारी मी इथे बसले होते. तुमच्यासमोर. हात जोडून." थांबली. "तुम्ही मंत्र म्हणत होतात आणि माझ्या छातीत पाणी चढत होतं." परत थांबली. "माझ्या मुलीचं खोटं असेल तर पुढच्या वेळी मी स्वतः येऊन तुमचे पाय धरीन. आज मला जाऊ द्या."

तिने दोर उचलायला हात घातला. दोराचं दुसरं टोक धरलेल्या चेल्याने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा तिच्या पायांकडे, आणि टोक सोडून दिलं.

वरचा चढ भाचीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाला न ताणता, एकसारखा चढवला. काटा मध्यावर. हॉस्पिटलच्या दारात अकरा वाजून बारा मिनिटं. सिस्टर पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला तोंड उघडतच होत्या, तेवढ्यात मी चाकाची खुर्ची ढकलत आत घुसलो.

तासाभराने अक्काच्या चेहऱ्यावर रंग आला. शेजारच्या मशीनवरची बाई आमची सगळी हकिकत कान देऊन ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे आता तुमची देवावर श्रद्धा नाही राहिली?"

"देवाचं देवाकडे," अक्का म्हणाली. "पायथ्याशी रजई घेऊन तो उभा नव्हता."

दूधवाला आमच्यापेक्षा चिवट निघाला. पुढचे सहा दिवस त्याने तीच व्हॅन, तेवढंच दूध, त्याच वेळेला वर नेली. तीन दिवस रजई बांधून, तीन दिवस न बांधता. बांधली ते तिन्ही दिवस वळणावर उकळली, न बांधली ते तिन्ही दिवस नाही. त्याने ते खडूने व्हॅनच्या मागच्या दारावर लिहून ठेवलं, आणि चढाला मागे लागलेला प्रत्येक ड्रायव्हर ते वाचत वाचत वर आला. महिन्याभरात पायथ्याशी कुणी कापड बांधून घेईना. टपरी अजून आहे, चहा बरा असतो.

पण वळणं पुष्कळ आहेत आणि बाबाही पुष्कळ. तेव्हा गाडी तापली तर बाजूला घ्या, बंद करा, अर्धा तास थांबा. गरम रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. थंड झाल्यावर पाणी बघा, पंखा बघा, पुढून वारा येतोय का बघा. आणि कुणी तुमचा ताप उतरवायला वाटेत बसलेला दिसला, तर आधी त्याला विचारा, की हा ताप मला चढला कुठून. विचारायला लाजू नका. तेवढ्या लाजेपायी आमची अक्का जाणार होती.