लोटूच्या कानातला बोळा

हसू नका. मी कापसाचा बोळा बोलतोय. जन्म जुन्या उशीत, आणि तिथून बढती थेट माणसाच्या कानात. माझा एक जोडीदार आहे, तो उजव्या कानात बसतो. मी डावीकडचा.

सुरतेत गोडादऱ्याला लोटूची खोली आहे. धुळ्याकडून येऊन तो पॉवरलूमवर लागला. प्लेगच्या साली सगळे गावी पळाले तेव्हा मी याच फळीवर एकटा पडून होतो, त्याला आता दोन वर्षं होत आली. कारखान्यात लूमचा एवढा खडखडाट, की कारागीर हातांनी आणि ओठांनीच बोलतात. तिथे मला कोणी नेत नाही. आवाज बदलला की काहीतरी बिघडलं हे कळायला कान मोकळे लागतात. माझं काम घरी, लोटू गाणं लिहायला बसला की.

श्रावणात घरोघरी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. तिच्यापुढे लोटूनं बांधलेलं नवं गाणं त्याच्या बायकोनं, सरलाबाईंनी म्हणायचं, हा या घरचा रिवाज. बाई गायला लागल्या की गल्लीतल्या गुजराती शेजारणीही दाराशी येऊन बसतात. लोटू वर्षभर राबतो तो हे एक ऐकण्यासाठी, असं मला खरंच वाटतं.

यंदा मात्र गाणं पुढे सरकेना. नळावरची भांडणं, शेजारचा टीव्ही, सगळं मी जीव तोडून अडवलं. तरी लोटू पेन्सिल टाकून कपाळ चोळत बसे.

"डोकामा लूम चालूच शे," तो म्हणाला.

आता आतला आवाज मी कसा अडवणार? मी पडलो दाराबाहेरचा राखणदार.

सरलाबाई कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू निवडत होत्या. त्याच्यासमोर येऊन, हातांनी खुणा करत म्हणाल्या, "चालू द्या तेले. तेनासंगेच गानं बांधा."

लोटूनं डोळे मिटले. त्या खडखडाटाशी भांडणं सोडून तो मांडीवर त्याचाच ठेका धरू लागला. मन कारखान्यातल्या पाळीकडे पळे, शेठच्या शिव्यांकडे पळे. तो रागावत नसे, बोटांनी ठेका धरून त्याला पुन्हा ओळीवर आणी. एका सकाळी ओळ आली, कानबाईला बसवू कुठे असं विचारणारी:

"माय, तुले बठाडू कोठे, नही आंगन, नही ओटा."

मग बाकीचं गाणं भराभर आलं. मला तर कोण अभिमान वाटला!

आज कानबाई बसली आहे. बाईंनी गाणं उचललंय, बायका डोळे पुसताहेत. लोटू पुढे झुकून नुसता त्यांच्या ओठांकडे बघतोय. मघाशी तो हसून म्हणाला, "थांब, बोये काढी लेस." आणि बोळे काढायला त्याचा हात कानाकडे गेला.

मी तर इथे फळीवर आहे, जोडीदारासकट.

ज्या कारखान्यात सगळेच खुणांनी बोलतात तिथे कोण कधी बहिरं झालं हे कुणाला कळणार? लोटूला स्वतःलाही कळलं नाही. सरलाबाईंना मात्र कळलं होतं. त्यांनी त्याचा हात वाटेतच धरला, मानेनं 'राहू द्या' म्हटलं आणि तो हात न सोडता पुढची कडवी म्हणू लागल्या. लोटू मान डोलावतोय, पण ठेका चुकतोय.

बाई, एवढं माझं ऐका. गाणं संपलं की त्याचा हात सोडायच्या आधी मला उचला आणि त्याच्या कानात घाला. माझ्यामुळेच ऐकू आलं नाही, असं त्याला वाटू दे.