अधिक अठ्ठावीस

जगात खरं बोलणारा एकही काटा नाही, असं तिचं ठाम मत होतं आणि याच मतासाठी तिला दरमहा पगार मिळत होता. वजनमापांच्या कचेरीत ती तपासनीस होती. दुकानात जायचं, दुकानदाराच्या काट्यावर आपली पितळी प्रमाण वजनं ठेवायची, काटा किती खोटं बोलतो ते लिहायचं आणि तशी चिठ्ठी त्याच्या पाठीवर डकवून सही ठोकायची. दुकानदार तिला पाहताच खुर्ची पुढे करत, पाणी आणत आणि मनातल्या मनात तिच्या सात पिढ्या मोजत. दिवसभरात तिच्याशी मनापासून बोलणारा माणूस एकच, वजनांची पेटी उचलणारा पैलवान. त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. पन्नाशी उलटली तरी वीस किलोचं वजन तो भाजीची पिशवी उचलावी तसं उचलायचा. बारा वर्षांत त्याने साधी शिंकसुद्धा रजेवर जाऊन दिली नव्हती.

सातवा महिना लागता लागता दवाखान्याने तिच्याच हातात एक काटा दिला. तळहातात मावणारं, साखर मोजायचं यंत्र.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. गरोदरपणात काहीजणींची साखर चढते, त्यात कुणाचा गुन्हा नाही. पण आईची साखर बाळाकडे जाते, बाळ नको तितकं बाळसं धरतं, बाळंतपण अडतं आणि जन्मल्यावर बाळाचीच साखर एकदम खाली घसरते. म्हणून रोज चार वेळा बोट टोचायचं. सकाळी उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत, प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी एकशेवीसच्या आत. आकडे वहीत लिहायचे. नाही बसले तर इन्सुलिन.

"घरी कोण असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"मी असते," ती म्हणाली.

नवरा मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. शेजारी इतके सभ्य की दारात भेटले तर फक्त मान हलवत, म्हणजे दोघांचाही वेळ वाचे. आई नव्हती. सासूबाई थोरल्या जावेकडे, फोनवरून "दोघांचं जेव गं" म्हणत. ती एकटीचं जेवायची, तेही मोजून. जेवण झालं की घरातल्या घरात वीस मिनिटं चालायची, पलंगापासून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून पलंगापर्यंत. दोन तासांनी गजर वाजायचा. दिवसभरात त्या घरात आवाज करणारं तेवढंच काय ते होतं.

पहिल्याच आठवड्यात आकडे आले ते असे: सकाळी एकशे दहा, एकशे बारा; जेवणानंतर एकशे चाळीस, एकशे त्रेचाळीस. पथ्य तर तिने पाळलं होतं. म्हणजे तिच्या धंद्याच्या हिशेबाने चूक कुणाची? काट्याची.

आणि काटा चुकतो म्हटल्यावर तो तपासायला हवा. त्यासाठी प्रमाण वजन हवं, म्हणजे ज्याच्या तब्येतीबद्दल शंका घ्यायला जागा नाही असा माणूस. असा माणूस दोन तासांपूर्वी डबा संपवून, हात पुसून समोरच बसला होता.

"पैलवान, बोट द्या."

"कशाला? बढतीच्या कागदावर अंगठा?"

"साखर बघायचीय. हात धुऊन या आधी."

"बाई, माझ्यात साखर नाही. घरी विचारा, कडू म्हणून प्रसिद्ध आहे मी."

नवी सुई लावून तिने टोचलं. एकशे अठ्ठेचाळीस. पाच मिनिटांनी दुसरं बोट, पुन्हा अठ्ठेचाळीस. अशा ठणठणीत माणसाची साखर एकशेवीसच्या वर असूच शकत नाही. म्हणजे यंत्र अठ्ठावीस जास्त दाखवतं. तिने रीतसर चिठ्ठी केली, 'त्रुटी: अधिक २८', खाली सही, तारीख, आणि यंत्राच्या पाठीवर चिकटवली. त्या दिवसापासून वहीत प्रत्येक आकडा अठ्ठावीस वजा करून जाऊ लागला. एकशे बाराचे चौऱ्याऐंशी झाले. तिला खोटं लिहिल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट इतकं चोख काम दवाखान्यात कुणाला जमत नसेल, असंच वाटलं.

रविवारी जहाजावरून फोन आला.

"कंपनी विचारतेय, आणखी तीन महिने थांबतोस का म्हणून. तेरा तारखेपर्यंत सांगायचंय. खरं सांग, येऊ का?"

'ये' हा शब्द तिच्या जिभेवरच होता. पण समोर वही उघडी होती आणि वहीत सगळं कसं आबादीआबाद होतं. ज्याची साखर ताब्यात आहे त्या माणसाने कुणाला कशाला बोलवायचं?

"चौऱ्याऐंशी आहे," ती म्हणाली. "थांब तू. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बघ हं. मी बारा तारखेला कळवणार."

फोन ठेवल्यावर ती चालायला लागली. त्या दिवशी वीसऐवजी चाळीस मिनिटं चालली.

बारा तारखेला दुपारी सोनोग्राफी होती. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत राहिल्या, मग वहीकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"बाळाचं पोट फार भरतंय. बाळाभोवतीचं पाणीही जास्त आहे. आणि तुमचे आकडे तर शाळेत पहिला नंबर आल्यासारखे. यंत्र आणलंय?"

तिने यंत्र दिलं. डॉक्टरीणबाईंनी ते उलटं केलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"ही चिठ्ठी कुणी लावली?"

"मी. तपासून."

"कशावर तपासलंत?"

"आमच्या पैलवानावर."

खोलीतली नर्स खोकल्याच्या निमित्ताने भिंतीकडे वळली. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिथेच शिरेतून रक्त घेतलं, त्याच वेळी यंत्रावरही एक थेंब. तासाभराने प्रयोगशाळेचा कागद आला: एकशे शेहेचाळीस. यंत्र म्हणत होतं एकशे एक्केचाळीस.

"तुमचं यंत्र जास्त दाखवत नाही," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "आणि त्या पैलवानांना उद्या उपाशीपोटी इकडे पाठवा. त्यांचीही तपासणी करू."

तिने यंत्र उलटं करून आपली सही पाहिली. बारा वर्षांत तिने शेकडो काटे खोटे ठरवले होते. प्रमाण वजनही अधूनमधून तपासून घ्यावं लागतं हे नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. पण तो धडा पितळेबद्दल होता, माणसाबद्दल नव्हता.

"बाळाला..."

"अजून वेळ आहे. आजपासून इन्सुलिन सुरू करू. तीन आठवडे वाया गेले, पुढचे घालवायचे नाहीत. पोटाला टोचायचं, दाबून मनात दहापर्यंत मोजायचं, मगच सुई काढायची. घरच्या कुणाला तरी शिकवून ठेवते, कोण येईल?"

कागद घेऊन उभ्या असलेल्या नर्सकडे ती वळली. ती म्हणाली, "मलाच दोनदा शिकवा."

बाहेर आल्यावर तिने आधी पैलवानाला फोन केला. सगळं सांगितलं. "म्हणजे मी तुमच्या बाळाच्या वाटेत आलो की हो, बाई," तो म्हणाला.  आणि प्रथमच त्याने तिच्याआधी फोन ठेवला.

घरी आल्यावर तिने वही उघडली. तीन आठवड्यांचा प्रत्येक आकडा खोडला आणि यंत्राच्या आठवणीत होता तो शेजारी लिहिला. मग नवऱ्याला लिहिलं: 'चौऱ्याऐंशी नव्हती, एकशे बारा होती. चूक माझी. बाळ मोठं होतंय. मला एकटीला जमत नाहीये. ये.' शेवटचा शब्द दोनदा पुसला, तिसऱ्यांदा तसाच ठेवला.

जहाज भर समुद्रात होतं. निरोपापुढे एकच खूण उमटली, गेला पण पोचला नाही अशी, आणि तिथेच राहिली. थांबतो म्हणून त्याने कंपनीला कळवून टाकलंय का अजून कळवायचंय, हे त्या खुणेवरून समजण्याची सोय नव्हती.

संध्याकाळच्या जेवणाआधी तिने पोटाची चिमूट धरली. सुई वाटली होती तेवढी दुखली नाही. मनात मोजायचं असं नर्सने दोनदा बजावलं होतं. पण ती मोठ्याने मोजू लागली, एक, दोन, तीन, अगदी स्वच्छ, पलीकडच्या खोलीत कुणी ऐकत बसलं असावं तशी. सहा झाल्यावर तिने फोनकडे पाहिलं. मग सात म्हणाली.